साडेबारा पोरांची टक्केवारी

मे महिना सरत आला की आमच्या फाट्यावरच्या फ्लेक्सचा मोसम बदलतो. वाढदिवसवाले नि दशक्रियावाले थोडे बाजूला सरकतात आणि त्या जागी पोरांचे चेहरे लागतात. एक फ्लेक्स गावठाणातल्या केंद्रशाळेचा, त्यावर शिष्यवृत्तीला पात्र ठरलेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो. दुसरा माळावरच्या वस्तीशाळेचा, त्यावर फोटो दोनच, पण मोठे. तिसरा तालुक्याच्या इंग्रजी शाळेचा. त्यावरची मुलं आमच्या गावची नाहीत, बहुतेक आमच्या देशाचीही नाहीत, पण पिवळी गाडी खरी आहे आणि ती फाट्यावर साडेसातला येते. या तीन फ्लेक्सच्या मध्ये उभं राहून पालक ठरवतात, की यंदा पोरगं कुठं घालायचं.

आम्ही राहतो त्या आष्टी-पाथर्डीच्या पट्ट्यात एका गावात जिल्हा परिषदेच्या दोन-तीन शाळा असणं नवलाचं नाही. गावठाणात एक जुनी, जिच्या दगडी भिंतीवर अजून पुसट ‘जीवन शिक्षण मंदिर’ दिसतं. एक वस्तीवरची, एक ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची. शिक्षण हक्क कायद्याखाली प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, म्हणून या शाळा आहेत. आणि पावसाळ्यात ओढा आला की कायद्याची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. प्रश्न असा की एकाच गावातल्या, एकाच मालकाच्या, एकाच पुस्तकाच्या या तीन शाळांची तुलना कशी करायची. आपण ती रोज करतो. पारावर करतो, किराणा दुकानात करतो, आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख बैठकीत करतात, सरकार स्पर्धा लावून करतं. माझं म्हणणं असं आहे की ही तुलना आपण ज्या मापाने करतो ते माप एवढ्या लहान जागी चालतच नाही, आणि मोजता मोजता आपण जी वस्तू मोजतोय तीच मोडतो.

मोडणाऱ्यांत मीही आहे, म्हणून आधी ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी वस्तीच्या शाळेत दुसरीत होती. शाळेचा पट साठीच्या थोडा वर, शिक्षक तीन. पहिली-दुसरीला एक बाई होत्या. त्या मुलांना ओट्यावर बसवून चिंचोक्यांनी बेरीज शिकवायच्या आणि बेरीज चुकली की ‘चिंच आंबट लागली का?’ असं विचारायच्या. मुलगी घरी येऊन आम्हाला तेच विचारायची. सगळं ठीक होतं. मग केंद्रशाळेचा फ्लेक्स लागला. मी फोटो मोजले, अकरा भरले. वस्तीच्या शाळेचा त्या वर्षी एकही नव्हता. भावकीत बोलणं झालं आणि जूनमध्ये मी माझी मुलगी आणि चुलतभावांची चार पोरं अशी पाच जणांची नावं काढून केंद्रशाळेत घातली. गुरुजींनी दाखला देताना एवढंच विचारलं, ‘सप्टेंबरपर्यंत थांबता येईल का?’ मला तेव्हा ते लाचार वाटलं. सप्टेंबरपर्यंत थांबून माझ्या मुलीचं काय भलं होणार होतं?

तीस सप्टेंबरचा पट हा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याचा, आधार असतो, हे मला नंतर कळलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी हिशेब स्वच्छ लिहिला आहे: ६० पर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. राज्य सरकार संचमान्यतेचे निकष मधूनमधून बदलतं, त्यावर वाद होतात, पण मूळ पायऱ्या या अशा. पायरीला उतार नसतो. एकसष्टाव्या पोराबरोबर एक शिक्षक येतो आणि त्याच पोराबरोबर जातो. आमची पाच पोरं गेली, पट पायरीखाली आला आणि पुढच्या संचमान्यतेत वस्तीच्या शाळेतलं एक पद ‘अतिरिक्त’ ठरलं. समायोजनात, म्हणजे अतिरिक्त शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवतात त्यात, ज्या गेल्या, त्या चिंचोक्यांच्या बाई. मागे राहिले पाच वर्ग आणि दोन माणसं. त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभार, म्हणजे पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, बैठका. दुसऱ्याकडे पाच वर्ग. पुढच्या जूनमध्ये आणखी सात-आठ पालकांनी नावं काढली. आता त्यांच्याकडे खरं कारण होतं. ते कारण मी दिलं होतं.

दुकान बदलल्याने दुकानाचा दर्जा बदलत नाही. मी एका वाण्याकडून साखर घेणं बंद केलं म्हणून त्याची साखर कमी गोड होत नाही. शाळेचं तसं नाही. लहान गावात पाच पालकांचं मत हेच शाळेचं मनुष्यबळ ठरवतं. तुलना आधी होते आणि फरक नंतर तयार होतो, आणि तो फरक दाखवून आपण म्हणतो, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

आता मुळात जो फरक मी पाहिला होता तो किती खरा होता, ते तपासू. अकरा विरुद्ध शून्य.

शिष्यवृत्तीची परीक्षा २०१६-१७ मध्ये चौथीऐवजी पाचवीला आली (२०२५ मध्ये ती पुन्हा चौथीला नेण्याचा निर्णय झाला). १५० गुणांचे दोन पेपर, पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. परीक्षा चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. सकाळी आठला येऊन जादा तास घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यासाठी त्यांना कुणी दमडी देत नाही. पण ही परीक्षा सक्तीची नाही. कुणाला बसवायचं ते शाळा आणि पालक ठरवतात. फ्लेक्सवर अकरा फोटो असतात. वर्गात किती होते, बसवले किती, बसवलेच नाहीत किती, यातलं काही फ्लेक्सवर नसतं. केंद्रशाळेच्या पाचवीत त्या वर्षी दोन तुकड्या होत्या. वस्तीच्या पाचवीत मुलं सहा. त्या सहांपैकी दोन फेब्रुवारीत गावातच नव्हती, कारण आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर होते.

सहा हा आकडा जरा हातात धरून बघा. वर्गात सहा मुलं असली तर एक मूल म्हणजे जवळपास १७ टक्के. एकाला परीक्षेदिवशी ताप आला तर शाळेचा निकाल १७ टक्क्यांनी पडतो. पुढच्या वर्षी एखाद्या अंगणवाडी सेविकेची हुशार पोरगी वर्गात आली की तेवढाच चढतो. शिक्षक तेच, फळा तोच.

याहून पुढची गंमत आहे आणि ती कागदावर करून बघण्यासारखी आहे. समजा एखाद्या जिल्ह्यात १२८ वस्तीशाळा आहेत, प्रत्येकीच्या तिसरीत सहा मुलं. समजा सगळीकडे शिकवणं अगदी सारखं आहे आणि प्रत्येक मुलाला गोष्ट वाचता येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे छापा-काट्यासारखी. सहाच्या सहा मुलांना वाचता येण्याची शक्यता चौसष्टात एक, एकालाही न येण्याची तितकीच. म्हणजे १२८ शाळांपैकी साधारण दोन शाळांचा निकाल १०० टक्के लागणार आणि दोघींचा शून्य. पहिल्या दोन शाळांत सत्कार होईल, नारळ फुटेल, मुख्याध्यापकांचं मनोगत होईल. दुसऱ्या दोघींना नोटीस जाईल. चारही ठिकाणी शिकवणं एकसारखं होतं, हे आपणच आधी ठरवलं होतं. आता तीस मुलांचा वर्ग घ्या. तिथे तीसच्या तीस वाचणार याची शक्यता १०७ कोटींत एक. मोठी शाळा नशिबाने कधी पहिली येत नाही आणि नशिबाने कधी शेवटचीही येत नाही. यादीची दोन्ही टोकं लहान शाळांनी भरलेली असतात, कारण त्या लहान असतात.

ही फसगत शहाण्यासुरत्यांचीही झाली आहे. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत गेट्स फाउंडेशनने मोठ्या हायस्कुलांच्या जागी छोट्या शाळा उभ्या करण्यावर प्रचंड पैसा ओतला. चांगल्या निकालांच्या यादीत छोट्या शाळा जास्त दिसतात, हा त्या काळी छोट्या शाळांच्या बाजूचा एक मोठा मुद्दा होता. हॉवर्ड वेनर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वाईट निकालांच्या यादीतही छोट्याच जास्त आहेत, ती यादी कुणी उलटून पाहिली नव्हती. २००९ च्या पत्रात बिल गेट्स यांनी स्वतःच कबूल केलं की त्यांनी पैसा घातलेल्या अनेक छोट्या शाळांत मुलांच्या निकालात म्हणावा तसा फरक पडला नाही. आपल्याकडे तेवढा पैसा कुणी ओतत नाही ही वेगळी गोष्ट. आपण फ्लेक्स लावतो.

महाराष्ट्रात ही बाब किरकोळ नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार शिक्षण विभागाने पुढे आणला, नंदुरबारमधल्या तोरणमाळचं आणि पुण्याजवळच्या पानशेतचं उदाहरण दिलं. तेव्हा आकडे आले होते: २० च्या आतल्या पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. भागाकार केला तर एका शाळेत सरासरी साडेबारा पोरं. पाच इयत्तांत वाटली तर एका वर्गात अडीच. अडीच पोरांची टक्केवारी काढून तिच्यावरून शाळेची पारख करणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? पण ऑनलाइन तक्त्यात तो रकाना असतो, आणि रकाना असला की तो भरावा लागतो, आणि भरला की त्याची क्रमवारी लागते.

मी आकड्यांवर एवढा घसरतोय याचा अर्थ शाळाशाळांत फरक नसतो असा नाही. असतो, आणि फार असतो. पण तो बराचसा शाळेच्या फाटकाबाहेर तयार झालेला असतो. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर ट्रक लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला टोळी निघते. तांड्यावरची निम्मी पोरं तेव्हा ट्रकमध्ये चढतात आणि मार्च-एप्रिलला उतरतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, काही पोरं आजीजवळ थांबतात, पण धाकट्याला सांभाळायला थोरली बरोबर जातेच. आता या हिशेबातली खोच बघा. तीस सप्टेंबरला ही पोरं गावात असतात, म्हणून पटात येतात. शिष्यवृत्तीच्या वेळी ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात, म्हणून निकालात येत नाहीत. आलीच तर शाळेचा निकाल पाडायला येतात. तांड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींनी एप्रिलमध्ये परतलेल्या पोराला सहा महिन्यांचं विसरलेलं दीड महिन्यात पुन्हा वाचायला शिकवलं, तर तो पराक्रम कुठल्या रकान्यात लिहायचा? केंद्रशाळेत येणारं पोर अंगणवाडीतून अक्षरं गिरवून आलेलं असतं, घरी मोबाइल असतो, एखादी आत्या दहावी झालेली असते. दोन्ही शाळांनी पोराला एकाच जागी नेऊन सोडलं, तर जास्त अंतर कुणी चालवलं?

शिवाय लहान शाळा ही संस्था नसतेच, ती दोन माणसं असतात. बारा शिक्षकांच्या मोठ्या शाळेतून एक बदलून गेला तर बाराव्या भागाची शाळा बदलते. दोनशिक्षकी शाळेतून एक गेला तर निम्मी. २०१७ पासून जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या. ते बरंच झालं. पूर्वी बदलीसाठी कुणाच्या ओसरीवर बसावं लागायचं ते सगळ्यांना माहीत आहे. पण बदल्यांच्या फेरीनंतर ‘मागच्या वर्षीचा निकाल’ हा भलत्याच माणसांचा निकाल असतो. पालक मात्र शाळेच्या नावाला चिकटलेले असतात. ‘ती शाळा चांगली’ म्हणत पोर घालतात तेव्हा ज्यांच्यामुळे ती चांगली होती ते गुरुजी दुसऱ्या तालुक्यात रुजू होऊन महिना झालेला असतो.

सरकारची तुलना पालकांपेक्षा शहाणी असेल असं वाटलं होतं. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाचा पहिला टप्पा २०२४ च्या सुरुवातीला झाला, तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ३ लाख रुपये. १०० गुणांपैकी ६० विद्यार्थी केंद्रित उपक्रमांना आणि ४० शाळा व्यवस्थापनाला. शाळा रंगल्या, झाडं लागली, जुने वर्ग भेटायला आले, हे सगळं झालं आणि ते छान दिसलं. पण उपक्रम करायला माणसं लागतात, त्यांचे फोटो काढायला आणि वेळेत अपलोड करायलाही माणसं लागतात. सात-आठ शिक्षकांच्या शाळेत एक जण ते काम अंगावर घेतो. एकशिक्षकी शाळेत तो एकच शिक्षक उपक्रम करणार, फोटो काढणार, आणि त्या काळात पोरांना ‘शांत बसा’ म्हणणार. एकाच गटात या दोघींना धावायला लावणं म्हणजे खोंडाला बैलजोडीच्या शर्यतीत उतरवणं.

आणि तरीही लहान शाळा काय करू शकते याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट आटून बंद पडण्याच्या बेतात होती. तीच २०२५ मध्ये जगभरातल्या शाळांमधून, लोकांच्या मतदानाने, ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांतल्या ‘कम्युनिटी चॉइस’ची मानकरी ठरली. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीने प्रवेशासाठी रांगा लागणारी जिल्हा परिषद शाळा दाखवली होती. या शाळांचा मला अभिमान वाटतो, आणि तो वाटतानाच एक चोरटा प्रश्नही पडतो. पट वाढला, म्हणजे तेवढी मुलं जन्माला आली असं नव्हे. त्यातली काही इंग्रजी शाळांतून परत आली असतील, ती खरी कमाई. पण जी शेजारच्या वाडीच्या मराठी शाळेतून आली, त्या वाडीच्या शाळेचं पुढे काय? २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचा निर्णय झाला होता, तेव्हा त्या शाळांचा पट दहाच्या खाली कसा गेला याची चौकशी कुणी केल्याचं आठवत नाही. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत दारोदार फिरणारे दोन शाळांचे शिक्षक एकाच ओसरीवर समोरासमोर आलेले मी पाहिले आहेत. दोघांच्या हातात पेढे होते.

आता यावर माझा एक मित्र जे म्हणतो ते टाळून पुढे जाता येणार नाही. तो स्वतः ऊसतोडीच्या घरातला, आता पतसंस्थेत कारकून आहे. तो म्हणतो, ‘तुझं गणित बरोबर असेल. पण माझं पोरगं पहिलीत एकदाच बसणार. तीन वर्षांची सरासरी निघेस्तोवर मी त्याला घरी ठेवू का? आणि गावची शाळा जगवायची जबाबदारी नेमकी गरिबाच्याच पोराने का घ्यायची? सरपंचाची नातवंडं पिवळ्या गाडीत जातात तेव्हा तू लेख लिहीत नाहीस.’

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. बापाने आपल्या पोराचं बघणं हा गुन्हा नाही, आणि शिक्षक बारा वाजता येऊन तीनला जात असेल तर नाव काढलंच पाहिजे. पण त्यासाठी टक्केवारी लागत नाही. एवढ्याशा गावात कोण किती वाजता येतो हे चहाच्या टपरीला ठाऊक असतं. फसवतो तो फ्लेक्स, कारण तो न पाहिलेल्याला पाहिल्यासारखं वाटायला लावतो. मी वस्तीच्या शाळेत अर्धा दिवस जाऊन बसलो असतो तर माझी मुलगी तिथेच राहिली असती. मी गेलो नाही, फोटो मोजले. केंद्रशाळेत ती चाळीस पोरांत बसली, वाईट काही झालं नाही, चांगलंही विशेष काही झालं नाही. पाचवीला तिचा फोटो फ्लेक्सवर आला नाही, आणि त्याचं तिला माझ्यापेक्षा कमी वाईट वाटलं.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात शाळा तपासणीवर एक तक्रार आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही, निदान तीन महिन्यांनी एकदा तपासणी व्हावी आणि अधूनमधून न कळवता जावं, असं ते सांगतात. सवाशेवर वर्षं झाली, आपण तपासणीचे नमुने वाढवले, न कळवता जाणं तेवढं राहून गेलं. पालकाला तर कळवायचीही गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असावेत असं कायदा म्हणतो. बैठक मात्र बहुधा रजिस्टरवर होते. ते घरी सहीला येतं, मीही सह्या केल्या आहेत.

मला सुचतं ते असं. शाळा मोजायची सोडून आपण गाव मोजावं. आमच्या गावात आठ-नऊ वर्षांची जेवढी पोरं आहेत, मग ती केंद्रशाळेत जावोत, वस्तीवर, तांड्यावर, पिवळ्या गाडीत किंवा कोयत्याबरोबर, त्यांतल्या कितींना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते? ‘असर’ ही खेड्यातल्या पोरांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी २००५ पासून हेच करते. ती पोरांना शाळेत नाही, घरी गाठते, आणि पोरापुढे एक कागद धरते: अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं एवढा पसारा करूनही ते गावाचा आकडा सांगत नाहीत, कारण २० घरांवरून गावाबद्दल बोलता येत नाही हे त्यांना कळतं. पण गावाने स्वतः सगळीच घरं केली तर? मग नमुना उरत नाही, खानेसुमारी होते. दोन रविवार आणि बारावी झालेली दहा-बारा पोरं-पोरी एवढ्यात उरकणारं काम आहे. हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची नोंद ठेवणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे, असं शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात लिहिलेलंच आहे. त्या नोंदीत एक रकाना वाढवायचा.

असं मोजलं की काही गोष्टी आपोआप बदलतात. केंद्रशाळेने वस्तीची पाच चुणचुणीत पोरं ओढली तर तिचा फ्लेक्स सुधारेल, गावाचा आकडा जागचा हलणार नाही. तांड्यावरच्या गुरुजींनी दोन पोरांना वाचतं केलं तर हलेल. चिंचोक्यांच्या बाईंना कुठल्या शाळेत ठेवायचं याचा विचार तीन शाळा मिळून करू शकतील, निदान आठवड्यातून दोन दिवस त्या वस्तीवर येतील एवढं तरी मागता येईल. पिवळ्या गाडीतली पोरंही त्याच यादीत येतील आणि त्यांच्यातल्या कितींना मराठीत किंवा इंग्रजीत, कुठल्याही एका भाषेत, गोष्ट वाचता येते तेही कळेल. त्या आकड्याची मला फार उत्सुकता आहे. एका वर्षाचा गावाचा आकडाही लहानच असेल, तोही डोलेल. म्हणून तीन वर्षं एकत्र धरायची आणि शेजारच्या गावाशी नाही, आपल्याच मागच्या तीन वर्षांशी ताडून पाहायची.

गेल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला. झेंडावंदन होऊन लोक सावलीला सरकले होते, बुंदी वाटून झाली होती. ग्रामसेवकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘शाळेचा विषय शाळा समितीत घ्या की.’ मी म्हणालो, ‘शाळेचा नाही, पोरांचा आहे.’ ‘कुठल्या शाळेच्या?’ ‘गावातल्या.’ ते थोडा वेळ इतिवृत्ताच्या वहीकडे बघत राहिले. पाणीपुरवठा, घरकुल, दिवाबत्ती, स्मशानभूमीचा रस्ता, असे मथळे आधीच छापल्यासारखे लिहिलेले होते. तिसरीतल्या पोराला वाचता येतं का, हे त्यांतल्या कशात बसेना. शेवटी त्यांनी पान उलटलं आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ याखाली एक ओळ लिहिली.